काळी पट्टी दिसली तर

कॅम्प पाचमधल्या त्या दुकानात मला बिलं लिहायला ठेवलं होतं, मशीन उघडायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते मी माझं काम सोडून दुसरंच काम केल्यामुळे झालं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

तेव्हा मी एफ. वाय. बीएस्सीला होते. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. आमचं घर अंबरनाथला पूर्वेला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वडील कारखान्यात, आई घरी पापड लाटायची. माझ्याआधी घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे गल्लीत इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे यायचा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुकरच्या खोक्यातली पुस्तिका, कुणाच्या तरी मुलाचा नोकरीचा कॉल. मला सगळं समजायचं असं अजिबात नाही. पण लोक इतक्या विश्वासानं समोर बसलेले असायचे की समजलं नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. मग मी म्हणायचे, उद्या सांगते. आणि रात्री डिक्शनरी घेऊन बसायचे.

दुकानातही मला त्याच कारणानं घेतलं. शेठ सिंधी, साठीच्या पुढचे. ते आपलं सिंधी वर्तमानपत्र उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि हिशोब तोंडी करायचे, पण कात्रपच्या नव्या फ्लॅटमधली गिऱ्हाइकं इंग्रजीत बिल मागायला लागली होती. शेठ खूश असले की मला ‘बेटी’ म्हणायचे आणि चिडले की ‘ए कॉलेज’. ‘ए कॉलेज, पंखा बंद कर.’ ‘ए कॉलेज, गिराईक बघ.’ आठवड्यात ‘कॉलेज’च जास्त वेळा व्हायचं.

दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात टीव्ही लावलेले, तिथे पोरं तासावर गेम खेळायची. पुढे काचेच्या कपाटात विकायचा माल. घड्याळं, कॅल्क्युलेटर, आणि हातात धरून खेळायचे गेम. त्यातला एक जरा भारीतला होता. करड्या रंगाचा, विटेपेक्षा थोडा लहान, वर हिरवट स्क्रीन. पाठीमागे चार सेल, आणि वरच्या बाजूला एक फट. त्या फटीत कॅसेट खोचायची. कॅसेट बदलली की गेम बदलला. बटण सरकवलं की स्क्रीनवर कंपनीचं नाव वरून हळूहळू खाली उतरायचं, मध्यावर येऊन थांबायचं आणि ‘टिंग’ असा आवाज व्हायचा. मग गेम सुरू.

हे सगळं नीट चाललं तर. नाही चाललं की लोक आमच्याकडे यायचे, आणि शेठकडे तीन उत्तरं तयार असायची. पानी गया. गिरा होगा. मर गया. कात्रपचा साहेब असला तर पहिलं, शेजारच्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यातला कारागीर असला तर दुसरं, आणि गावाकडचं कुणी असलं तर थेट तिसरं. तिसऱ्या उत्तरानंतर शेठ जुनं मशीन भंगारात ठेवून घ्यायचे आणि नवं दाखवायचे. ते लबाड होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना खरंच वाटायचं की जे चालत नाही ते मेलेलंच असतं. त्यांनी उभं आयुष्य माल विकला होता, उघडला कधी नव्हता.

मी मात्र दुपारच्या वेळी, दुकान रिकामं असताना, त्या मशीनच्या खोक्यातली पुस्तिका वाचायला लागले. कुणीतरी खोक्यासकट परत केलेलं मशीन होतं, त्यात ती राहून गेलेली. शेवटच्या दोन पानांवर आडव्या रेघा मारलेल्या होत्या. एका बाजूला काय दिसतं ते, दुसऱ्या बाजूला काय करायचं ते. लाल दिवा मंद झाला तर. आवाज येतो पण चित्र येत नाही तर. चित्र येतं पण फिकट तर. मी एकेक शब्द शोधून मराठीत लावत गेले. ‘मशीन मेलं’ असं त्या दोन पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक ओळीपुढे काहीतरी करून बघण्यासारखं होतंच. मला ती पानं का आवडली ते तेव्हा सांगता आलं नसतं. कॉलेजात सगळे मला असं बघायचे की हिचं काही होणार नाही; बाईंनी प्रॅक्टिकलला माझ्या हातातून मीटर काढून घेऊन शेजारच्या मुलाला दिला होता. आणि इथे कुणीतरी परक्या देशात बसून लिहिलं होतं की टाकून द्यायच्या आधी एवढं करून बघा.

सगळ्यांत जास्त येणारी तक्रार काळ्या पट्टीची होती. मशीन सुरू केलं की नावाच्या जागी एक काळा ठोकळा खाली यायचा, थांबायचा, ‘टिंग’ व्हायचं, आणि पुढे काहीच नाही. लोक घाबरायचे. काळा ठोकळा बघून कुणीही घाबरेल. पण पुस्तिका वाचून आणि इकडचे-तिकडचे सेट लावून बघून मला कळलं ते असं : ते नाव मशीन कॅसेटमधून वाचतं. वाचता आलं तर नाव दिसतं. वाचता आलं नाही तर नुसता ठोकळा. म्हणजे काळी पट्टी दिसते तेव्हा मशीन जिवंतच असतं. स्क्रीन ठीक, सेल ठीक, आवाज ठीक. फक्त मधे काहीतरी आडवं आलंय म्हणून वाचता येत नाही.

यावर सगळ्या पोरांचा एकच इलाज. कॅसेट काढायची, तोंडात धरल्यासारखी धरून जोरात फुंकर मारायची आणि परत खोचायची. दहातून पाचदा चालायचं. पण फुंकरीबरोबर थुंकीही जाते, आणि काही महिन्यांनी आतल्या पिवळ्या पट्ट्या हिरवट पडतात. मी पोरांना सांगायचे, फुंकू नका रे, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं पुसा. ती म्हणायची, ताई डॉक्टर झाली.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी एक बाई आली. नऊवारी चापून नेसलेली, हातात कापडी पिशवी, आणि तिच्या मागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. सातवी-आठवीतली असेल. मुलगी उंबऱ्याशीच थांबली. बाईनं पिशवीतून तो करडा गेम काढून काउंटरवर ठेवला. पालेगावाहून आलो म्हणाली. मुलीचे वडील आखातात कामाला, त्यांनी कुणाबरोबर तरी तो पाठवला होता.

मी मशीन सुरू केलं. काळी पट्टी खाली आली, टिंग झालं, थांबलं.

शेठनी गल्ल्यावरूनच मान उंचावली आणि तिसरं उत्तर दिलं. मर गया. मग नवीन सेट काढायला ते कपाटाकडे वळले. पण बाई नवीन सेटकडे बघेना. ती माझ्याकडे वाकली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली,

“बाय, मशीन नाय चालला तरी चालंल. पन त्यो कशानं बंद परला, तवरा सांग.”

मी म्हटलं, का?

तिनं मागे वळून मुलीकडे बघितलं. मुलगी खाली मान घालून चपलेनं उंबरा उकरत होती. मग बाईनं थोडक्यात सांगितलं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा मांडलेली. ट्रॅक्टरची चावी, कोयते, शिलाई मशीन, आणि दिरानं मोठ्या हौसेनं हा गेमही ठेवला, दुबईचा म्हणून. पूजा झाल्यावर पहिला हात मुलीनं लावला. कॅसेट घातली, तर हे. नंतर कळलं की त्या दिवशी मुलगी बाहेरची होती आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दीर म्हणाला, हिच्या हातानं बंद पडलं. तेव्हापासून तिला शिलाई मशीनलाही हात लावू देत नव्हते. शाळेत नवीन कॉम्प्युटर आला होता आणि मुलीचं नाव त्या वर्गात लागलं होतं. सोमवारी दीर शाळेत जाऊन नाव काढून टाकायला सांगणार होता. शाळेचं महागाचं मशीन बंद पडलं तर आपल्यावर येईल, असं त्याचं म्हणणं.

“माजे पोरीचे हातानं बंद परला म्हनतान,” बाई म्हणाली. “तूच बघ. तसा असंल तं तसा सांग.”

त्या शेवटच्या वाक्यानं मला कसंतरी झालं. तिलाही खात्री नव्हती. ती खरंच विचारायला आली होती.

आमच्या घरात शिवाशिव नाही. आजोबांच्या पिढीनंच ते सगळं सोडलं. कुणाच्या हातानं काही बाटतं, हे ऐकायची आमच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या सवय होती आणि ते पुन्हा ऐकायचं नाही असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे आणि दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण खरं सांगायचं तर आमच्याकडेही त्या दिवसांबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत. आईनं मला एवढंच शिकवलं होतं की कपडा आतल्या दोरीवर वाळत घाल. तेव्हा मी काही फार मोकळ्या घरातून आलेली होते असं नाही. पण तरीही मला राग आला. असा राग मला फारसा येत नाही.

शेठना मी म्हटलं, मी उघडून बघते.

ते म्हणाले, तुझं काम बिलाचं. शिवाय उघडणार कशानं?

ही अडचण खरी होती. त्या मशीनच्या पाठीमागचे स्क्रू साधे नसतात. त्यांच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच असते, साधा पेचकस लागतच नाही. पण मागच्या खोलीतल्या पोरांनी मला एकदा युक्ती दाखवली होती. बॉलपेनची रिकामी नळी घ्यायची, मेणबत्तीवर तिचं टोक मऊ करायचं आणि ते मऊ असतानाच स्क्रूवर दाबून धरायचं. गार झालं की टोकाला तीन पाकळ्या उमटतात. मी तसंच केलं. शेठ बघत राहिले. पहिला स्क्रू फिरला तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि शेठ बोलत नाहीत म्हणजे हरकत नाही असं मी धरलं.

मागचं झाकण निघालं. फटीच्या आत, जिथे कॅसेटच्या त्या पिवळ्या पट्ट्या, म्हणजे दात, बसतात तिथे, लाल-पिवळा गाळ बसला होता. हळद आणि कुंकू. त्यावर पाणी शिंपडलेलं असणार, कारण तो वाळून घट्ट झाला होता. पूजेत मशीन उभं ठेवलेलं, फट वर. कुणीतरी भक्तीनं चिमूट सोडली होती आणि ती सरळ आत गेली होती.

बाईला मी ते दाखवलं. तिनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. शेठनीही येऊन बघितलं. “मशीन को कुंकू लगाया?” ते म्हणाले. “शादी करवाई क्या इसकी?” बाई हसली नाही. मग ते परत गल्ल्यावर जाऊन बसले.

मी कापसाची काडी हातात घेतली, स्पिरिटची बाटली उघडली, आणि थांबले. इथे पुसलं तर मशीन चालू होणार होतं. पण मग बाई चालू मशीन घेऊन घरी जाणार आणि दीर म्हणणार, दुकानवाल्यानं दुरुस्त केलं. बंद कुणी पाडलं ते आपल्याला माहीतच आहे. मी बाईला हेच विचारलं. ती म्हणाली, माझं कोण ऐकणार. तू येशील का?

मी बाटलीचं झाकण लावलं. मशीन होतं तसं, गाळासकट बंद केलं, स्क्रू परत बसवले. रविवारी येते म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

शेठ म्हणाले, जाना है तो जा, दुकान का नाम मत लेना. गाववालों से झगडा नहीं चाहिए. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. फाळणीत एक गाव सोडून आलेला माणूस दुसऱ्या गावाशी वाकडं घेत नाही. पण शनिवारी दुकान बंद करताना त्यांनी स्पिरिटची छोटी बाटली माझ्या पिशवीत टाकली. टाकताना माझ्याकडे बघितलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, नको. ते त्यांच्या देवाचं, त्यांच्या घरातलं, आपण कशाला? आणि त्या घरात तुला... तिनं वाक्य पुरं केलं नाही. वडील जेवत होते. त्यांनी विचारलं, कुंकवाचं ते खरं आहे का? मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलं. मग जा, ते म्हणाले. पण खोटं एक अक्षर बोलू नकोस. बोललीस तर तेवढंच धरून ठेवतील.

अजून एक गोष्ट होती, ती मी दोघांनाही सांगितली नाही.

पालेगावाच्या अलीकडे रिक्षा सोडते. दोन्हीकडे पिकलेलं भात, आणि मधेच एका शेतात एका इमारतीचे नुसते खांब उभे. घर शोधावं लागलं नाही. बाई रस्त्यावरच येऊन उभी होती.

ओटीवर तिचा दीर बसला होता. पांढरी बनियन, गळ्यात साखळी, पुढ्यात चहा. पडवीत ट्रॅक्टर, त्याच्या तोंडावर सुकलेला झेंडू. मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पुढे येत नव्हती. त्यानं मला नीट विचारलं, कुठली, अंबरनाथला कुठं. विहाराच्या मागे, मी म्हटलं. त्यानंतर त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही. बस म्हणाला, पण पाणी कुणाला आणायला सांगितलं नाही. मी बसले. हे मी आधीच मनात धरून आले होते आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं रिक्षातच ठरवलं होतं. तरी वाटलंच.

मी मशीन मागितलं. सगळ्यांसमोर सुरू केलं. काळी पट्टी, टिंग. मग पेनची नळी काढून मागचं झाकण काढलं आणि ते उघडं मशीन त्याच्यासमोर धरलं. तो वाकून बघत राहिला. कुंकू काही वेगळं सांगावं लागत नाही, ते कुंकवासारखंच दिसतं.

मी म्हटलं, इथे कॅसेटचे दात बसतात. त्या जागेवर हळद-कुंकू बसलंय, म्हणून मशीनला कॅसेट वाचता येत नाही. बाकी सगळं ठीक आहे.

“म्हंजे आमचे पूजेनं बंद परला?” तो म्हणाला. “ट्रॅक्टरवर तं मूठभर टाकलाय. त्यो नाय बंद परला.”

“ट्रॅक्टरला काही वाचायचं नसतं, काका.”

आत कुणीतरी फिसकन हसलं. त्याचा चेहरा ताठ झाला. मी लगेच म्हटलं की पूजा करू नका असं मी म्हणत नाही, कुंकू वरच्या बाजूला बोटानं लावा, फटीत जाऊ देऊ नका एवढंच. आणि मग, माहीत नाही कुठून सुचलं, मी विचारलं, चिमूट कुणी सोडली होती?

बाई जमिनीकडे बघत राहिली. शेवटी दारातून मुलीचा आवाज आला.

“काकानं.”

एवढाच शब्द. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं, पण तिनं चौकट सोडली नाही.

मी तिला म्हटलं, ये इकडे. ती आईकडे बघायला लागली. मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, तूच पूस. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. ती येऊन बसली. पहिला कापूस लाल झाला, दुसरा पिवळा, पुढचे फिके होत गेले. मी नुसत्या काड्या देत होते. स्पिरिट उडून जाईपर्यंत आम्ही दोघी त्यावर वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. बोलायला काही नव्हतं म्हणून मी तिला विचारलं, कॉम्प्युटरच्या वर्गात काय शिकवतात. ती म्हणाली, अजून हात लावू दिलेला नाही, नुसतं फळ्यावर काढून दाखवलंय.

मी झाकण बसवलं. कॅसेट तिनं खोचली. बटण तिनं सरकवलं. नाव वरून खाली उतरलं, मध्यावर थांबलं. टिंग. आणि गेमचं गाणं सुरू झालं.

बाईनं तोंडाला पदर लावला.

दीर मात्र मागे टेकून बसला. तो मूर्ख माणूस नव्हता, बोलण्यात हुशार होता, आणि आता आपली बाजू कुठून उचलायची ते त्यानं शोधून काढलं होतं.

“आज ती ठीक हाय,” तो म्हणाला. “तवा नव्हती. आज चालला ह्यान नवल काय?”

मला दिसत होतं की हे उत्तर त्या घरात टिकणार. मशीन चालू झालं, कुंकू निघालं, सगळं झालं, तरी हे उत्तर उरणार आणि सोमवारी तो शाळेत जाणार. त्याच्यावर दाखवायला माझ्या पिशवीत काही नव्हतं. पुस्तिकेत काही नव्हतं. फक्त ती एक गोष्ट होती जी मी घरी सांगितली नव्हती. ती सांगायला लागले तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की पहिल्यांदा तो कुणाला ऐकूच गेला नाही. मला परत बोलावं लागलं.

“मी आज बाहेरची आहे,” मी म्हटलं. “परवा दुकानात हे उघडलं तेव्हाही होते. माझा हात याला आतपर्यंत लागलाय.”

ओटीवर असं काही कुणी बोललेलं नसणार. माझ्याही आयुष्यात मी ते पुरुषासमोर बोलले नव्हते, वडिलांसमोर नाही, कुणासमोरच नाही. पण मान खाली घालायची नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. नजर त्यानंच आधी काढून घेतली आणि ती ट्रॅक्टरकडे नेली. मधल्या वेळात गेमचं गाणं आपलं चालूच होतं, तेच तेच परत.

तेवढ्यात मुलगी उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली. पेला तिनं माझ्यासमोर धरला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी तो घेतला आणि सगळा प्यायले. गार होतं. त्या पाण्याला कुणाचा हात लागला आणि ते कुणाच्या तोंडाला लागलं, याचा हिशोब त्या ओटीवर ज्याला करायचा असेल त्यानं करावा, असं मला वाटलं.

दीर उठला. चहाचा कप उचलता उचलता, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, मुलीला म्हणाला, झाला ना बघून, आता ठेव तो कपाटान.

मी पिशवी उचलली. इथपर्यंतच माझं काम होतं. पुढचं त्या घरातल्या माणसांचं होतं. पायऱ्या उतरताना मागून बाईचा आवाज ऐकला. तो दुकानातल्यासारखा खाली घेतलेला नव्हता.

“ठेवनार नाय ती. आनि सोमवारी शालेन मी जाईन. नाव ठेवा म्हनून सांगाला.”

त्यावर दीर काय म्हणाला ते मला कळलं नाही. त्या मशीनच्या बाजूला आवाजाचं एक छोटं चाक असतं, अंगठ्यानं फिरवायचं. मुलीनं ते शेवटापर्यंत फिरवलं असणार. त्या एवढ्याशा डब्यात इतका आवाज असेल असं मला दुकानात कधी वाटलं नव्हतं. भाताच्या शेतांतून, त्या इमारतीच्या खांबांपर्यंत, ते गाणं माझ्या मागे मागे येत होतं.